ट्रक येतोय, येऊ द्या

माझे धाकटे दीर लोकांना गाडी चालवायला शिकवतात. म्हणजे दिवसभर अशा माणसाशेजारी बसतात, ज्याला गाडी चालवता येत नाही आणि तरी जो ती चालवत असतो. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्याही पायाशी एक ब्रेक असतो. बाकी त्याच्या वाट्याला काही नाही. स्टिअरिंग नाही, हॉर्न नाही. हॉर्नची उणीव भावजींनी गळ्याने भरून काढली होती. शिकणारे त्यांना तोंडावर 'सर' म्हणत आणि पाठीमागे 'भोंगा'. हे नाव घरात कुणाला माहीत नाही, अशी त्यांची समजूत होती आणि आम्ही ती जपली होती.

पायाचं तर विचारूच नका. ब्रेकवर राहून राहून त्या पायाला सुट्टी कशी घ्यायची ते कळेनासं झालं होतं. टीव्हीवर कुणी गाडी पळवली की सोफ्यावर बसून हे जमिनीला ब्रेक लावणार. तेवढ्या जागी सतरंजीची लव उडाली होती. एकदा जेवताना मी भाजीचं पातेलं जरा जोरात पुढे सरकवलं, तर टेबलाखाली माझ्याच पायावर ब्रेक लागला.

ते आणि माझी जाऊ वरच्या मजल्यावर राहतात, आम्ही खाली. स्वयंपाक वेगळे, कपडे धुण्याचं मशीन एक. ते मशीन माझ्या मागच्या अडगळीच्या खोलीत आहे. ही गोष्ट आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा त्रास मला तिच्यामुळे झाला.

सुरुवात एका बँकेतल्या कारकुनाने केली. सिग्नलला गाडी बंद पडली, भावजींनी आपल्या गळ्याचा नेहमीचा उपयोग केला, आणि त्या भल्या माणसाने एक अक्षर न बोलता पट्टा सोडला, किल्ली खिशात घातली, उतरला आणि समोर आलेल्या बसमध्ये चढून घरी गेला. सिग्नल हिरवा झाला. भावजी बाजूच्या सीटवर, ब्रेकवर पाय ठेवून, एकटे. मागचे लोक हॉर्न वाजवताहेत. शेवटी एका पोलिसाने खिडकीत वाकून विचारलं, "चालवणारा कुठाय?" भावजी म्हणाले, "बसने गेला."

ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकीणबाईंना सगळे मॅडम म्हणतात. त्यांनी भावजींना केबिनमध्ये बोलावलं. "तुमच्यासारखा शिकवणारा माझ्याकडे दुसरा नाही," त्या म्हणाल्या, "पण आता एक तक्रार आली, फक्त एक, की किल्ली माझ्याकडे आणि तुम्ही काउंटरवर. फोन घ्यायचे, वेळा द्यायच्या."

काउंटर म्हणजे काही काळं पाणी नव्हे. पंखा असतो, खुर्ची असते. पण भावजींना जगात एकच काम येतं आणि ते एकच आवडतं. थरथरत्या हाताचा माणूस आपल्या शेजारी बसून एक दिवस सरळ गाडी नेतो, तो क्षण बघायला ते इतकी वर्षं जीव मुठीत धरून बसत आले. काउंटरच्या काचेतून आपली गाडी दुसऱ्याबरोबर जाताना बघायची, या नुसत्या विचाराने त्यांचा रक्तदाब चढला. डॉक्टरांनी पट्टा दोनदा बांधून पाहिला. पहिल्या वेळी त्यांना यंत्रच बिघडलंय असं वाटलं.

गोळी दिलीच, पण डॉक्टर म्हणाले, "रोज थोडा वेळ शांत बसा. माइंडफुलनेस म्हणतात त्याला. श्वास येतोय, जातोय, तेवढं बघायचं. फोनवर रेकॉर्डिंग मिळतं."

रेकॉर्डिंग एका बाईंचं होतं. आवाज असा, की त्यांनी वाण्याची यादी वाचली तरी माणूस डोळे मिटून ऐकेल. जावेने पहिल्याच दिवशी तो ऐकला आणि तिचा चेहरा जरा ताणला गेला.

"काय म्हणाल्या आज तुमच्या बाई?" संध्याकाळी तिने विचारलं.

"खांदे सैल सोडा म्हणाल्या."

"अस्सं. मी रोज सांगते, ओला टॉवेल पलंगावर सोडू नका. ते काही त्यांनी सांगितलं नाही वाटतं."

"अगं, यात बोलत नसतात. यात फक्त बघतात."

"मग बघा की टॉवेलकडे."

शांत बसायला घरात जागा मिळेना. वरच्या खोलीत जाऊ इस्त्री करते, आमच्या हॉलमध्ये टीव्ही, गच्चीत शेजाऱ्यांचा कुत्रा. शोधता शोधता भावजी माझ्या अडगळीच्या खोलीत येऊन पोचले. मशीनशेजारी एक स्टूल, डोक्यावर बंद झरोका. "वहिनी, तेवढा वेळ मशीन लावू नका," म्हणाले. मी कशी नाही म्हणू? दीर रक्तदाबाचे. पण ते बसायचे नेमके माझ्या कपड्यांच्या वेळेला, आणि बसून उठेपर्यंत पाणी गेलेलं असायचं. कपड्यांचा ढीग माझ्या कमरेला लागला. घरातला ताण कमी झाला नव्हता, त्याने फक्त माणूस बदलला होता.

आता खरं सांगते, मी दाराला कान लावला. माझं मशीन आत होतं, मला अधिकार होता. सुरुवातीला बाईंचा मधाळ आवाज यायचा, 'मन भटकेल, हलकेच परत आणा.' मग थोडी शांतता. आणि मग भावजींचा आवाज, दबका पण ओळखीचा, "अरे कुठे चाललास? समोर बघ. समोर."

स्वतःच्या मनालाही ते गाडी शिकवत होते.

जावेला बोलावून मी ऐकवलं. आम्ही दोघी तोंडात पदर कोंबून स्वयंपाकघरात पळालो. ती म्हणाली, "ताई, मनाने किल्ली काढून बस धरली नाही म्हणजे मिळवलं."

पण चेष्टा सोडा, फरक पडला. हळूहळू आतून आवाज यायचा बंद झाला. जेवताना माझा पाय सुरक्षित राहू लागला. टीव्हीवर गाड्या उलट्यापालट्या झाल्या तरी भावजी संथपणे चहा पीत. दुधवाल्याने उशीर केला तेव्हा ते दारात उभं राहून म्हणाले, "मला राग आलेला दिसतोय." दुधवाला घाबरून दुसऱ्या दिवशीपासून लवकर येऊ लागला. मला वाटलं, जमलं.

आणि नेमकं तिथेच घोटाळा झाला. घरात जमलं ते त्यांनी गाडीत नेलं. जसंच्या तसं, बाईंच्या आवाजासकट.

त्या वेळी त्यांच्याकडे आमच्या दातांच्या डॉक्टरीणबाई शिकत होत्या. रोज दुसऱ्यांना 'काही दुखणार नाही हं' असं सांगणारी बाई स्टिअरिंगवर बसली की तिचेच दात वाजत. आधी भावजी ओरडायचे तेव्हा ती चुकत का होईना, पण गाडी चालवत होती. आता शेजारून नवाच सूर येऊ लागला. "पुढे सायकल आहे. ती चांगली नाही, वाईट नाही. ती फक्त आहे." "आपण फुटपाथकडे सरकतोय. सरकण्याची जाणीव होऊ द्या." डॉक्टरीणबाईंना वाटलं, सरांना आता आपल्यावर विश्वास बसला. त्या खूश.

मग एका चौकात बाजूच्या रस्त्याने खडीचा ट्रक आला. चांगला वेगात. भावजींनी तो पाहिला, श्वास घेतला, श्वास सोडला आणि मऊ आवाजात म्हणाले, "ट्रक येतोय. येऊ द्या. आपण फक्त बघायचं. तो आपोआप जाईल."

डॉक्टरीणबाई आज्ञाधारक. त्यांनी हात मांडीवर घेतले आणि बघत राहिल्या.

वाचवलं ते पायाने. तोंड ध्यानात होतं, पण पायाने आपला जुना धंदा सोडला नव्हता. गाडी चौकाच्या मधोमध कचकन थांबली, ट्रक नाकासमोरून गेला, आणि पुढे जाऊन ड्रायव्हरने डोकं बाहेर काढून जे म्हणायचं ते म्हटलं. त्यातलं लिहिण्यासारखं एवढंच, की त्याने दोघांच्या शिक्षणाची चौकशी केली.

तक्रार गेली. डॉक्टरीणबाई मॅडमसमोर बसून म्हणाल्या, "पूर्वी ओरडायचे तेव्हा निदान कळायचं, ट्रक आहे. आता यांच्या आवाजावरून मला वाटलं, फुलपाखरू येतंय."

"म्हणजे ते ओरडत नाहीत, ही तुमची तक्रार?" मॅडमनी विचारलं.

"हो."

मॅडमनी डोकं धरलं. पण त्या शब्दाच्या पक्क्या. तक्रार ती तक्रार. दुसऱ्या दिवशी भावजी काउंटरवर.

ते दिवस काही हसण्यासारखे नव्हते. भावजी सकाळी कडक इस्त्रीचा शर्ट घालून जायचे आणि संध्याकाळी तसाच, एक चुणी न पडता, घेऊन यायचे. फोन आला की वेळ द्यायची, फोन ठेवायचा. काचेतून त्यांची गाडी जाताना दिसली की काउंटरखालच्या फळीवर धप्प आवाज व्हायचा आणि रांगेतले लोक खाली वाकून बघायचे. घरी बोलणं तुटक. माझ्या अडगळीच्या खोलीत येणंही बंद झालं. मशीन मोकळं झालं, कपडे वेळेवर वाळू लागले आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

जाऊ एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "ओरडायचे तेव्हा निदान घरात कुठे आहेत ते कळायचं." एवढंच म्हणाली आणि निवडलेली भाजी देठांत टाकत राहिली.

त्यांची गाडी मिळालेला दुसरा शिकवणारा अगदी उलट्या टोकाचा निघाला. तो सगळ्याला 'छान' म्हणायचा. डॉक्टरीणबाईंनी चाक फुटपाथवर चढवलं, "छान." दुभाजकाला घासलं, "छान, अजून थोडं." शेवटी त्या स्वतःच काउंटरवर आल्या. भावजींना म्हणाल्या, "सर, मला फुलपाखरू नको, भोंगाही नको आणि हे छान छान तर नकोच. मधलं काही नाही का तुमच्याकडे?"

मॅडम केबिनच्या दारातून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "एक फेरी देते. मी मागे बसणार. मधलं काही निघालं तर गाडी तुमची. नाहीतर हा काउंटर कायमचा, मग मला पुन्हा विचारू नका."

भावजी घरी आले ते थेट माझ्या स्वयंपाकघरात. "वहिनी, मधलं म्हणजे काय असतं?"

मला तरी काय माहीत. पण मी कॉलेजात मानसशास्त्राच्या एका पेपरात बरी पास झाले होते, त्या जोरावर हॉलमध्ये दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडल्या. एकीवर मी, हातात गोल ताट. दुसरीवर भावजी, अनवाणी. जावेला ट्रक केलं. कपड्यांची टोपली पोटाशी धरून ती स्वयंपाकघराकडच्या बोळातून यायची होती.

"हळू येऊ का जोरात?" तिने आतून विचारलं.

"ट्रक विचारून येत नाही," मी म्हटलं.

ती जी आली ती टोपलीसकट माझ्या मांडीवर. भावजी ओरडले. जुन्या गळ्याने, पूर्ण ताकदीने. माझे यजमान काय झालं ते बघायला आतल्या खोलीतून आले, ताट-टोपली बघून काही न विचारता परत गेले.

"पुन्हा," मी म्हटलं.

पुन्हा ओरडले. मग बाईंच्या आवाजात बोलले, तेव्हा ट्रक माझ्या मांडीवर बसून बराच वेळ झाला होता. कधी फार मोठं, कधी फार उशिरा. आम्ही करत राहिलो. जाऊ धापा टाकत होती, पण इतकी खुशीत होती की मला शंका आली, ही जुने हिशेब चुकते करतेय.

मग एकदा ती मध्येच थांबली. टोपली खाली ठेवली आणि नवऱ्याच्या पायाकडे बोट दाखवलं.

"अहो, तुमचा अंगठा वळतो."

"कुठला?"

"ब्रेकच्या पायाचा. ओरडायच्या आधी. मी बोळाच्या तोंडाशी आले की तो आत वळतो. तुम्ही ओरडता ते मी टेबलापाशी पोचल्यावर."

भावजींनी खाली पाहिलं. एवढी वर्षं तो अंगठा बुटात असायचा, कोण बघणार? "पुन्हा ये," ते म्हणाले. ती आली. अंगठा वळला. ते बघतच राहिले, पुन्हा ट्रक माझ्या मांडीवर.

"बाई सांगतात," ते सावकाश म्हणाले, "पायाच्या बोटांपासून सुरुवात करा, एकेक जागा बघत वर या. मी पाय घाईघाईने उरकायचो. म्हटलं पाय म्हणजे ब्रेक, त्यात काय बघायचं. थेट खांद्यांपासून सुरू करायचो."

"म्हणजे बाईंचं नीट ऐकलंच नाही," जाऊ म्हणाली. हे वाक्य बोलताना तिला जो आनंद झाला तो शब्दांत येण्यासारखा नाही.

पुढच्या फेरीला अंगठा वळला तसं भावजी लगेच म्हणाले, "पाय उचला." साध्या आवाजात. ओरडायला अजून वेळ होता, म्हणून ओरडावं लागलं नाही. मी नसलेल्या ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला. ट्रक बोळाच्या तोंडाशीच थांबला आणि म्हणाला, "मग आता मी परत जाऊ?"

दुसऱ्या दिवसापासून भावजी पुन्हा मशीनशेजारी. या वेळी अनवाणी, आणि सगळा वेळ पायापाशीच. मी कपडे बादलीत हाताने धुतले. कुरकुर केली, पण मनात.

त्या फेरीचं वर्णन मला दोघांकडून मिळालं. भावजींनी पायरीवर बसून सांगितलं, आणि डॉक्टरीणबाईंनी माझ्या दाढेत कापूस आणि दोन अवजारं घातल्यावर. मला मध्ये प्रश्न विचारता येऊ नये अशी त्यांनी वेळ निवडली. दोघांचं सांगणं जुळतं, म्हणून खरं धरते.

भावजी त्या दिवशी चपला घालून गेले. मॅडम मागे, हात बांधून. गाडी निघाली. थांब्यावरून बस बाहेर निघायच्या बेतात होती, पण अजून हलली नव्हती. "पाय उचला," भावजी म्हणाले. डॉक्टरीणबाईंनी उचलला. बस गेली. पुढे कचऱ्याची गाडी रिव्हर्स घेत होती. "थांबू या." थांबल्या. तो ट्रकवाला चौकही आला. "बाजूने मोठं काहीतरी येतंय, आधी त्याला जाऊ द्या." डॉक्टरीणबाईंनी ब्रेक दाबला, हात स्टिअरिंगवरच. मोठं काहीतरी निघून गेलं. कुणी कुणाच्या शिक्षणाची चौकशी केली नाही.

मॅडमचे हात अजून बांधलेले. त्या म्हणाल्या, "आता तुमच्या दवाखान्यासमोर लावून दाखवा. मागे घेत, दोन गाड्यांच्या मध्ये."

दवाखान्याच्या खिडकीत सुजलेल्या गालांचे पेशंट ओळीने बसलेले. आपल्या डॉक्टरीणबाई आहेत हे कळल्यावर ते गाल धरून उभे राहिले. डॉक्टरीणबाई गाडी मागे घेऊ लागल्या. इंचाइंचाने. भावजी गप्प. आता हे गप्प बसणं वेगळं होतं. अंगठा सरळ होता, म्हणजे सांगण्यासारखं काही नव्हतं. बाई बरोबर घेत होत्या. पण मागच्या सीटवरून अंगठा दिसत नाही. मॅडमना दिसत होती मागच्या गाडीची चकचकीत बत्ती, जवळ जवळ येणारी. शेजारचा माणूस काही बोलत नाही. पुन्हा तेच फुलपाखरू, त्यांना वाटलं, आणि त्यांचा धीर सुटला.

"लागली, लागली, अहो थांबवा की कुणीतरी," मॅडम अशा किंचाळल्या की खिडकीतल्या एका पेशंटने म्हणे दुखरा दात विसरून टाळ्या वाजवल्या.

डॉक्टरीणबाईंनी गाडी थांबवली. हँडब्रेक लावला. सावकाश मागे वळल्या, आणि ज्या आवाजात त्या लहान मुलांना खुर्चीत बसवतात त्या आवाजात म्हणाल्या, "मी दिवसभर लोकांना तोंड उघडा सांगते. तुम्ही जरा मिटता का?"

मग त्यांनी गाडी अलगद आत बसवली.

मॅडमनी दार उघडलं. उतरल्या, वाकून दोन्ही बाजूंची जागा बघितली, चष्मा पुसला. भावजी आपल्या सीटवर, समोर बघत. डॉक्टरीणबाई सांगतात, की त्यांचा चेहरा शांत होता, पण ओठ पांढरे पडले होते.

"माझ्याविरुद्ध तक्रार आली म्हणायची," मॅडम शेवटी म्हणाल्या.

"लेखी हवी असेल तर देते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"नको. उद्या सकाळची पहिली गाडी सर घेतील." मग खिडकीशी येऊन, "ऐकलंत ना? तुमची गाडी तुमची. उतरा आता, चहा घेऊ."

भावजी हलले नाहीत.

"काय झालं? आनंद झाला का जास्त?"

"उतरतो," भावजी म्हणाले. "पायाला मुंग्या आल्यात."

सगळी फेरी त्यांनी तो पाय ब्रेकच्या वर, न टेकवता, अधांतरी धरून ठेवला होता. मॅडमनी एका बाजूने दंड धरला, डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या बाजूने, आणि ज्या सीटसाठी एवढा जीव टाकला होता तिच्यातून त्यांना दोघींनी मिळून बाहेर ओढून काढलं. खिडकीतले पेशंट आणखी काही बघायला मिळेल म्हणून थांबले होते. भावजी एका पायावर उभे राहून त्यांच्याकडे बघून हसले आणि मुंग्या उतरायची वाट बघू लागले.